आधी चकरा, मग पाटी

तुरीचे पैसे हाती येऊन गेलेले असतात आणि पेरणीला अजून अवकाश असतो, अशा एप्रिल-मेच्या दिवसांत दरवर्षी दोन-चार तरुण माझ्या घरी येतात. मी निवृत्त शिक्षक, आणि येणाऱ्यांपैकी निम्मे माझ्याच वर्गात बसलेले, त्यामुळे पाणी पिऊन होईपर्यंत इकडचे-तिकडचे बोलणे होते आणि मग मुद्दा निघतो. “सर, आमी संस्था काढून रायलो.” नाव ठरलेले असते, बोधचिन्ह मोबाइलमध्ये तयार असते आणि नावाच्या शेवटी ‘बहुउद्देशीय ग्रामीण विकास संस्था’ हे शब्द असतातच. उद्देशांच्या यादीत बालवाडीपासून गोरक्षणापर्यंत आणि व्यसनमुक्तीपासून संगणक प्रशिक्षणापर्यंत वीस-बावीस कलमे असतात, कारण ज्याने मसुदा करून दिला त्या तालुक्याच्या माणसाकडे तो एकच मसुदा असतो. माझ्याकडून सल्लागार म्हणून सही हवी असते.

या मुलांचा हेतू खोटा नसतो, हे मी आधीच सांगून ठेवतो. गावात कर्ता माणूस गेलेली घरे त्यांनी जवळून पाहिलेली असतात, बारावीनंतर घरी बसलेले मित्र त्यांना रोज पारावर दिसतात, आणि आपण काहीतरी केले पाहिजे ही तळमळ खरी असते. माझा आक्षेप क्रमाला आहे. गावातल्या कुटुंबांसाठी आणि पोरापोरींसाठी संस्था जरूर असावी; पण नोंदणी ही तिची पहिली पायरी नसावी, आणि पहिली दोन-तीन वर्षे तिने एकच काम करावे: कुटुंबाला जे कायद्याने आणि योजनेने मिळायला हवे ते त्याच्या हाती पडेपर्यंत त्याच्यासोबत कार्यालयाच्या चकरा माराव्यात. हे काम फोटो काढण्यासारखे दिसत नाही, म्हणून ते कोणी करीत नाही.

एक घर डोळ्यांसमोर आहे. यवतमाळ जिल्ह्यातलीच वस्ती. नवऱ्याने मक्त्याने शेत वाहिले होते, कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचे होते, आणि तो गेल्यावर कागदोपत्री ते प्रकरण अपात्र ठरले. पात्र ठरलेल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला सरकार एक लाख रुपये देते, त्यांतले तीस हजार लगेच आणि सत्तर हजार ठेवीत. ते या बाईला मिळाले नाहीत. पहिल्या महिन्यात घरी पुष्कळ लोक आले. कोणी धान्याची पोती दिली, कोणी दोन मुलांना दप्तरे दिली, एका संस्थेने साडी-चोळी देऊन सत्कार केला आणि त्या बाईला फेटेवाल्यांच्या रांगेत उभे करून फोटो काढला. दुसऱ्या महिन्यापासून कोणी आले नाही.

वास्तविक तिची दोन्ही मुले बालसंगोपन योजनेत बसत होती. या योजनेत, ज्या मुलांचे आई-वडील दोघे किंवा एक हयात नाहीत अशांना घरीच राहून शिकता यावे म्हणून, दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ही रक्कम १,१०० होती. त्यासाठी मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, रेशन कार्ड, आधार, पासबुक आणि आपल्या घरासमोर मुलांसोबत उभे राहून काढलेला फोटो लागतो. यादी वाचायला सोपी आहे. त्या बाईच्या बाबतीत शाळेच्या नोंदीत आईचे नाव एक, आधारवर दुसरे आणि पासबुकात तिसरे होते. पहिल्या चकरेला संबंधित माणूस बैठकीला गेलेला होता. दुसऱ्या चकरेला उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा निघाला. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही, कारण सोयाबीनची सोंगणी सुरू झाली होती. एसटीचे तिकीट १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धे झाले आहे, पण बुडालेली रोजी अर्धी होत नाही.

पुढे त्याच वस्तीवरचा एक मुलगा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला, पोलीस भरतीसाठी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर काढता काढता कोणत्या खिडकीवर काय लागते ते शिकला होता. तो तिच्यासोबत गेला. नावातला फरक कसा दुरुस्त करायचा, प्रतिज्ञापत्र कुठे लागते आणि कुठे लागत नाही, अर्ज दिल्यावर पोच घ्यायची असते, हे त्याला ठाऊक होते. मोटारसायकलच्या चार चकरा तालुक्याला आणि एक जिल्ह्याला बालकल्याण समितीपुढे, एवढ्यात काम झाले. पैसा यायला मात्र पुढचे कित्येक महिने गेले.

आता हिशेब करावा. दोन मुलांचे महिन्याला ४,५०० रुपये, वर्षाचे ५४,०००. आमच्या गावातली कोणतीही नवी संस्था दारोदार पावतीबुक घेऊन फिरली तरी एका कुटुंबाला दरसाल चोपन्न हजार देऊ शकणार नाही, आणि मुले अठरा वर्षांची होईपर्यंत तर मुळीच नाही. पण पाच चकरांचे पेट्रोल कोणतेही मंडळ देऊ शकते. दप्तरवाटपाच्या एका कार्यक्रमाचा मांडव, हार आणि नाश्ता यांवर होणाऱ्या खर्चात अशी अनेक घरे मार्गी लागतील. हीच गोष्ट संजय गांधी निराधार योजनेची: तिथे विधवेला महिन्याला दीड हजार मिळतात, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो. दिवसाला साठ रुपयांहूनही कमी उत्पन्नावर कोणते घर चालते हा प्रश्न तलाठ्याला, तहसीलदाराला आणि अर्जदाराला सारखाच पडत असणार. तरीही प्रत्येकाने तो आपापल्या मनात ठेवून कागद पुढे सरकवायचा असतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेल्यावर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेचे एकरकमी २०,००० मिळतात, हे तर बहुतेक गावांना माहीतच नाही.

यावर जाणत्या लोकांचा एक आक्षेप असतो, आणि तो हलका नाही. सरकारचे काम सरकारने नीट करावे. ते होत नाही म्हणून आपण पोरांना पाठवायचे म्हणजे अव्यवस्थेला टेकू देणे झाले. शिवाय खिडकीवरची ओळख वाढली की आजचा मदतनीस उद्याचा दलाल होतो. यातला पहिला भाग मला अर्धाच पटतो. हक्काच्या मागणीसाठी मोर्चा काढणारी माणसे हवीतच, पण मोर्च्याला निवेदन द्यायचे तर त्यात लिहायला काही हवे. एकाच तालुक्यातले वीस अर्ज, प्रत्येकाची पोच, प्रत्येक चकरेची तारीख आणि परत पाठवण्याचे कारण, असे सगळे एका वहीत लिहिलेले असेल, तर ती वही ग्रामसभेत किंवा तहसीलदारापुढे ठेवता येते. अर्ज अडतो तो योजनेच्या अटीमुळे, कर्मचाऱ्यांच्या कमतरतेमुळे की कुणाच्या हात ओला करण्याच्या अपेक्षेमुळे, हे त्या वहीतून दिसते. नुसत्या “कामे होत नाहीत” या तक्रारीला कोणीही उत्तर देत नाही.

दलालीची भीती मात्र पूर्ण खरी आहे. दलाल आणि सोबती दोघेही तेच काम करतात, त्याच खिडकीवर उभे राहतात आणि बाईला त्याच भाषेत धीर देतात. फरक पैशाच्या वाटेत असतो. म्हणून नियम पहिल्याच दिवशी हवा, की ज्या कुटुंबाचे काम आहे त्याच्याकडून चहासुद्धा घ्यायचा नाही, आणि पेट्रोलचा खर्च मंडळाच्या पेटीतून, किलोमीटर लिहून, चावडीवर लावलेल्या कागदावर दिसेल असा घ्यायचा. हे नियम मला बसल्याजागी सुचलेले नाहीत. मंजूर पैशातून ‘आपखुशीने’ पाचशे रुपये घेणारा एक होतकरू मुलगा मी पाहिला आहे, आणि ते पाचशे त्याला मागावे लागले नव्हते.

दुसरा एक मोह मला या मोहापेक्षा मोठा वाटतो, तो म्हणजे वसतिगृह किंवा बालगृह काढण्याचा. संस्था म्हटली की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे आवार येते. त्याला कारणही आहे. या मातीत सेवेची परंपरा मोठी आहे: पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तिथेच कुष्ठरोग्यांसाठी तपोवन काढले, बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले. आज तिथे जाणाऱ्याला झाडी, इमारती आणि फाटक दिसते, आणि तो घरी येऊन फाटकापासून सुरुवात करतो. त्यापेक्षा बंग दाम्पत्याने गडचिरोलीत जे केले ते आपल्या कामाला जवळचे आहे. त्यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाला इमारतीकडे नेण्याऐवजी शिकलेली बाई बाळाच्या घरी गेली.

बाप गेलेले मूल अनाथ नसते. त्याला आई असते, आजा असतो, गावात शाळा असते. त्याला उचलून दूरच्या बालगृहात ठेवणे हा त्या घराचा दुसरा तोटा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी बंधनकारक आहे, आणि ती अट असायलाच हवी. चार खोल्या आणि चांगले मन एवढ्यावर मुले सांभाळता येत नाहीत. आपल्या आवाक्यातले काम मुलाला घरी राहू देण्याचे आहे. शाळेत हजेरी कमी झाली की विचारायला जाणे, मुलीच्या लग्नाची बोलणी अठराच्या आधी सुरू झाली तर अंगणवाडीताईला आणि ग्रामसेवकाला सोबत घेऊन घरी जाणे (गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते), घरातल्या माणसाची झोप उडाली आहे आणि तो बोलेनासा झाला आहे असे दिसले तर आशाताईला सांगणे आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा क्रमांक लावून त्याच्याजवळ बसणे. या कामाला आवार लागत नाही. नेमाने जाणारा माणूस लागतो.

आता तरुणांविषयी. ‘युवकांसाठी कार्य’ म्हटले की आमच्याकडे व्यक्तिमत्त्व विकास शिबिर होते. नागपूर-अमरावतीहून वक्ता येतो, स्वप्ने मोठी पाहा असे सांगतो, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. ऐकणाऱ्या मुलांची स्वप्ने लहान नसतात. पहाटे पाच वाजता डांबरी रस्त्यावर धावणारी ही मुले पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक अशा प्रत्येक जाहिरातीला अर्ज करीत असतात. सत्ताविसाव्या वर्षी वय संपत आल्याची धाकधूक त्यांना असते. शेती करतो म्हटल्यावर सोयरीक जुळत नाही हे त्यांनी मोठ्या भावाच्या बाबतीत पाहिलेले असते. त्यांना भाषणाची गरज नाही. गावात आपला काही उपयोग आहे, हे त्यांना रोजच्या व्यवहारात कळले पाहिजे.

म्हणून मला कुटुंबांचे काम आणि तरुणांचे काम ही दोन कलमे वाटत नाहीत. जो मुलगा किंवा मुलगी एका घराचा अर्ज शेवटपर्यंत नेते, तिला शासनव्यवहार कळतो, अधिकाऱ्याशी मान न झुकवता आणि आवाज न चढवता बोलता येते, आणि राज्यशास्त्राच्या पुस्तकातली पंचायत राज व्यवस्था खुर्चीत बसलेली दिसते. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीला याहून चांगली तयारी मला माहीत नाही. एक काळजी मात्र घ्यावी: या मुलांना फुकटचे राबवू नये. सेवेच्या नावाखाली गरिबाच्या पोराचा दिवस वापरायचा आणि अध्यक्षाने मंचावर बसायचे, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. पेट्रोल, जेवण आणि दिवसाचे थोडेतरी मानधन ठरलेले असावे, नाहीतर हे काम फक्त बऱ्या घरच्या मुलांचे होऊन बसेल आणि मुली तर त्यात येणारच नाहीत.

नोंदणीविषयी मी इतका सावध का, तेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदवताना किमान सात सभासद लागतात, आणि त्याच संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. म्हणजे धर्मादाय कार्यालयाशी कायमचे नाते जुळते: दरवर्षी हिशेबांची तपासणी, आणि पदाधिकारी बदलला की नव्वद दिवसांत बदल अहवाल. सात नावे भरायची म्हणून मग बायको, मेहुणा, चुलतभाऊ, एक मित्र आणि एक गुरुजी अशी घातली जातात. तीन वर्षांनी मित्राचे आणि मेहुण्याचे पटत नाही, दोन गटांचे दोन बदल अहवाल दाखल होतात, आणि ज्या घरांसाठी संस्था काढली त्यांचे नावही त्या कागदांत कुठे नसते.

घाई ज्या पैशासाठी केली जाते तो पैसा तसाही लवकर येत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात खरे, पण बाहेरच्या स्वतंत्र संस्थेमार्फत तो खर्च करायचा तर त्या संस्थेची आयकर सवलतीची नोंदणी आणि तशा कामाचा किमान तीन वर्षांचा पूर्वानुभव लागतो. शिवाय कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो. नागपूर, चंद्रपूर, वणी अशा कोळसा-सिमेंटच्या पट्ट्यात त्याचा काही उपयोग होईल. ज्या तालुक्यात जिनिंगपलीकडे कारखाना नाही तिथे ‘परिसर’ कुणाचा? परदेशी देणगीसाठीही तीन वर्षे जुनी संस्था आणि त्या काळात किमान १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. गावातल्या मंडळाने तिकडे पाहूच नये.

नोंदणीशिवाय बँकेत खाते निघत नाही, देणगीदार विचारीत नाही, अधिकारी दारात उभे करीत नाहीत, असे मला ऐकवले जाते. हे काही अंशी खरे आहे, आणि म्हणूनच मी नोंदणी कधीच करू नका असे म्हणत नाही. पण आईचा अर्ज आईच्याच सहीने जातो. तिच्यासोबत उभे राहायला कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही. आमच्या खेड्यांत गुरुदेव सेवा मंडळाची माणसे संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसतात, बचत गटांच्या बैठका होतात, पेरणी अडली तर काही गावांत अजूनही इर्जिक घातली जाते, म्हणजे सगळे मिळून एकाचे शेत करून देतात. यांतल्या कुणाला पाटी लागली नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी गावाचे अभ्यासगट बसतात. त्या गावाकडून आपण जंगलातल्या बांबूच्या हक्काइतकाच हा बसण्याचा क्रमही उचलायला हवा होता.

पैसा लागतो, तो आधी गावात शोधावा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर गेले, हा प्रश्न ग्रामसभेत विचारणे हे नव्या मंडळाचे पहिले सार्वजनिक काम असावे. उत्तर बहुधा भिंतीवरच्या घोषणा किंवा खुर्च्यांची खरेदी असे मिळेल. पुढच्या वर्षी काय, हे तिथेच ठरवून घ्यावे. बाकी पेट्रोलपुरते पैसे पोळ्याला आणि तूर विकल्यावर घरटी गोळा होतात. गणपतीला आणि भंडाऱ्याला वर्गणी देणारे गाव यालाही देते, फक्त हिशेब पारावर वाचून दाखवावा लागतो.

आणि दोन-तीन हंगामांनी नोंदणीची वेळ आलीच, तर सात नावे सात वेगळ्या घरांची असावीत, त्यांत निम्म्या बाया असाव्यात, आणि ज्यांच्या घरी अशा चकरा माराव्या लागल्या त्यांच्यातली किमान दोन माणसे असावीत. कोषाध्यक्ष बाई असेल तर सही तिने स्वतः करावी, तिच्या नवऱ्याने किंवा दिराने नव्हे. जिल्हा परिषदेला उभे राहायचे असेल त्याने खुशाल राहावे, पण आधी पद सोडून.

ज्या मुलाची गोष्ट वर सांगितली तो मागच्या भरतीत लागला आणि प्रशिक्षणाला गेला. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला, वही घेऊन. दहा-बारा घरे, प्रत्येकाच्या नावापुढे तारखा, एका ठिकाणी लाल शाईने “मे महिन्यात उत्पन्नाचा दाखला नवा काढणे”. वही कुणाला द्यायची यावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी ती त्याच वस्तीवरच्या बारावीतल्या एका मुलीकडे गेली. तिच्याकडे गाडी नाही आणि घरचे तालुक्याला एकटी पाठवायला तयार नाहीत, म्हणून पहिल्या चकरेला तिच्यासोबत ती बाई गेली, जिच्या दोन मुलांचे पैसे आता सुरू आहेत.